सातेरीचा पावसाळा

बर्फाच्या मुलखात मधपाळ हिवाळ्याची धास्ती घेतात. आमच्या महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात सातेरी माश्यांची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. धुकं, संततधार, फुलोरा जवळजवळ नाहीच. या दिवसांत वसाहत टिकवायची, तर काही गोष्टी पाळाव्याच लागतात.

१. तयारी मे महिन्यात, मध काढतानाच सुरू होते. जांभूळ-हिरड्याचा मध वरच्या कोठीतून घ्या, पण खालच्या पिलाव्याच्या पोळ्यांना हात लावू नका. पोळ्याच्या वरच्या कडेला मेणानं बंद केलेला मधाचा पट्टा असतो, तीच माश्यांची पावसाळ्याची बेगमी. भाव कितीही चढा असो, तो मध आपला नाही.

२. माश्या झाकतील तेवढीच पोळी पेटीत ठेवा. उघड्या पोळ्यावर मेणकिडा हमखास येतो. असं पोळं उजेडाकडे धरा. अळीनं पोखरलेली जाळीदार वाट स्पष्ट दिसते.

३. दोन दुबळ्या वसाहतींपेक्षा एक जोमदार बरी. त्या एकत्र करताना चांगली राणी तेवढी ठेवा, दोन कोठ्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून त्याला टाचणीनं भोकं पाडा. माश्या तो कुरतडेपर्यंत दोन्हींचा वास एक होतो आणि मारामारी टळते.

४. पाक साखरेचाच, गुळानं माश्यांचं पोट बिघडतं. साखर आणि पाणी समभाग. करवंटीत पाक आणि वर सुक्या काड्या, म्हणजे माश्या बुडत नाहीत. द्यायचा संध्याकाळीच. दिवसा थेंब सांडला, तरी शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात.

५. पेटी पुढे किंचित कलती, वर पत्रा, दार अरुंद.

६. सातेरी उपाशी मरत बसत नाही, घर सोडून जाते. म्हणून उघडीप मिळताच झटपट एक पोळं पाहा. घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखी अंडी दिसली, तर निश्चिंत राहा. अंडी नाहीत, पिल्लं नाहीत, मधाचा पट्टाही संपलेला, तर त्याच संध्याकाळी पाक सुरू करा. मला सगळ्यात जास्त काळजी याच दिवसांत असते.

७. गणपतीच्या सुमारास माश्या पायांवर पराग घेऊन येऊ लागतात. कारवी फुलण्याचं वर्ष असेल, तर विचारायलाच नको. मधाची कोठी चढवण्याआधी मात्र पाक पूर्ण थांबवा. गिऱ्हाइकाच्या बाटलीत साखरेचा एक थेंबही जाता कामा नये.