चमच्यातले दूध कोठे गेले?

२१ सप्टेंबर १९९५ रोजी ‘गणपती दूध पितो’ ही वार्ता काही तासांत देशभर पसरली. देवळांपुढे रांगा लागल्या. चमच्यातील दूध कमी होताना लोकांनी स्वतः पाहिले होते. मग चूक कोठे झाली?

निरीक्षण खरे होते, अनुमान चुकले. काठोकाठ भरलेल्या चमच्याची कड मूर्तीला टेकली, की पृष्ठताणामुळे दूध तिच्याकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते. पांढऱ्या दगडावर हा थर दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ओघळ स्पष्ट दिसला.

वृत्तपत्राकडून वाचकाने हेच मागावे : काय दिसले, त्यावरून काय मानले गेले आणि ते कोणी, कसे तपासले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने ५ निरपराध माणसांचा जीव घेतला. न तपासलेली वार्ता अशी महाग पडते.

करून पाहा : पांढऱ्या कपाची बाहेरची बाजू ओली करा. दुधाने भरलेल्या चमच्याची कड तिला टेकवा. मग दुधात शाईचे थेंब टाकून हाच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही वेळा काय दिसले आणि काय वाटले, ते वहीत वेगवेगळे लिहा.