संत आन्नाचे बेट



२६ जुलै रोजी आपण संत ज्योकिम व संत आन्ना यांचा सण साजरा करतो. पवित्र मरियेच्या या मातेच्या नावाने उभ्या असलेल्या एका दूरच्या चर्चची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

स्वीडन व फिनलंड यांच्यामध्ये, बाल्टिक समुद्रात, ओलांड द्वीपसमूह आहे. १९२१ साली राष्ट्रसंघाने तो फिनलंडकडे ठेवला. मात्र तेथील स्वीडिश भाषा व चालीरीती जपण्याची हमीही घेतली. तेथील १६ पालिकांपैकी चोकार ही एक. लोकवस्ती अडीचशेहून कमी, म्हणजे आपल्याकडच्या लहानशा पाड्याएवढी. बोटीशिवाय तेथे जाता येत नाही.

चोकारच्या हाम्नो बेटावर पंधराव्या शतकात फ्रान्सिस्कन बंधूंचा मठ होता. उघड्या खडकांवर, कोळी बांधवांच्या शेजारी, त्यांनी प्रार्थनेचे जीवन जगले. १५२७ पासून स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने धर्मसभेची मालमत्ता ताब्यात घेण्यास सुरुवात केली. त्या लाटेत हा मठही बंद पडला. पुढे त्याच जागी १७८४ साली आजचे दगडी चर्च बांधले गेले. तेथील समाज आता ल्यूथरन आहे. तरीही चर्चचे नाव संत आन्नाचेच आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हे चर्च तेच की वेगळे? ॲरिस्टॉटल म्हणतो, प्रत्येक वस्तूला द्रव्य असते आणि रूप असते. येथे भिंती नव्या झाल्या, उपासनाही बदलली. मग उरले काय? आपल्या वसईच्या किल्ल्यात उलट घडले. तेथे फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत, पण आत मिस्सा होत नाही. श्रद्धा मात्र आसपासच्या गावांतून टिकली.

म्हणजे चर्च केवळ दगडांत नसते. पण ‘सगळे सारखेच’ असे म्हणूनही चालणार नाही. ल्यूथरन बांधवांबरोबर आपण अजून एकाच वेदीवर ख्रिस्तशरीर स्वीकारू शकत नाही, ही वेदना खरी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली शिकवले की, ज्यांचा योग्य रीतीने बाप्तिस्मा झाला आहे, ते अपूर्ण का होईना, पण आपल्याशी ऐक्यात आहेत. १९९९ साली आउग्सबुर्ग येथे दोन्ही बाजूंनी नीतिमत्त्वाविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. २०१६ साली स्वीडनमधील लुंड येथे पोप फ्रान्सिस ल्यूथरन नेत्यांसह प्रार्थनेला उभे राहिले. ज्या प्रदेशात मठ बंद पडले, त्याच प्रदेशात हे घडले, हे विशेष.

तुटलेले घर एका दिवसात सांधत नाही. सुरुवात मात्र जवळूनच करावी लागते.

मननासाठी :
१. आपल्या शेजारच्या अन्य पंथीय ख्रिस्ती कुटुंबाशी आपले बोलणे आहे काय?
२. आपले चर्च म्हणजे केवळ इमारत, असे आपण कधी वागतो?