मोती ओवण्याचा पहिला पाठ

वैनगंगेच्या वाळूत अथवा गावच्या तलावाकाठी शिंपले वेचले नाहीत, असा भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थी विरळाच. शिंपल्याची आतील बाजू उजेडात धरली असता तीवर जी झाक दिसते, त्याच द्रव्याचे थर एकावर एक बसून मोती बनतो. वाळूचा कण शिरल्याने मोती होतो, अशी समजूत आहे. परंतु बहुधा एखादा सूक्ष्म जीव आत शिरणे किंवा शिंपल्यातील प्राण्याच्या कोमल त्वचेस इजा होणे, हेच त्याचे कारण असते.

नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुडी हे आपले अलंकार मोत्यांवाचून शोभत नाहीत. पूर्वी उत्तम मोती इराणच्या आखातातून मुंबईस येत व त्यांस 'बसरा मोती' म्हणत. सन १८९३ मध्ये जपानात मिकिमोटो यांनी शिंपल्यात मुद्दाम मोती वाढविण्यात यश मिळविले. पुढे ही विद्या पसरली आणि आज बाजारातील बहुतेक मोती असे वाढविलेलेच असतात. म्हणून एक साधा मोती घेऊन शिकणे आता सामान्य कुटुंबासही परवडते.

प्रथम साहित्य पाहू. सुमारे ८ मिलिमीटरचा, आरपार छिद्र असलेला एक मोती. २ मिलिमीटर जाडीचे १८० रंगीत काचेचे मणी, म्हणजे पोत. पीळदार रेशमी दोरा १ मीटर. बारीक सुई, मधमाशीच्या मेणाचा खडा व कात्री. आपल्या जिल्ह्यात ऐन व अर्जुन वृक्षांवरील कोशांपासून निघणारा कोसा प्रसिद्धच आहे. परंतु त्याचा धागा जाडाभरडा असल्याने तो गोंड्यास घ्यावा, मोत्यास नव्हे. मोत्याच्या छिद्रात दोरा जेमतेम जावा. तो फार बारीक असल्यास मोती मागेपुढे सरकून दोरा घासतो व तुटतो.

आता कृती. पितळी ताटात जाड कापड अंथरून त्यावर मणी पसरावे, म्हणजे ते घरंगळत नाहीत. दोऱ्यावरून मेण दोन वेळा फिरवावे. त्याने तंतू विसकटत नाहीत. सुईत दोरा ओवून मोती दोऱ्याच्या बरोबर मध्यावर आणावा. नंतर मोत्याच्या शेजारी एक सैल गाठ घ्यावी. गाठीच्या फासात सुईचे टोक घालून ती गाठ सरकवीत मोत्यास टेकवावी, आवळावी आणि सुई हलकेच काढावी. दुसऱ्या बाजूसही असेच करावे. गाठ छिद्रात शिरत असेल तर तीवर आणखी एक घ्यावी.

यानंतर एका बाजूस ९० मणी ओवून शेवटी दुहेरी गाठ मारावी, सुई दुसऱ्या टोकास लावावी आणि तिकडेही ९० मणी ओवावे. दोन्ही बाजू मिळून सुमारे ३६ सेंटिमीटर सर होतो. दोहोंकडे उरलेला दोरा मानेमागे बांधण्यास पुरतो. त्याच्या टोकांस कोशाचे दोन लहान गोंडे लावावे.

नवशिक्यांच्या हातून दोन चुका बहुधा होतात. मणी फार ताणून ओवले, तर सर काठीसारखा ताठ राहतो. फार सैल ठेवले, तर मधून दोरा दिसतो. सर बोटावर टाकला असता तो सहज वळावा, ही खूण लक्षात ठेवावी.

मोत्याच्या दोन्ही अंगांस गाठी कशाकरिता, असे कोणी विचारील. मोती रत्नांत गणला जातो खरा, पण तो पाषाण नव्हे. तो चुनखडीच्या जातीचा व मऊ आहे. शेजारचा काचेचा मणी त्यास घासून झिजवितो. लिंबाचा रस, शिरका, घाम व अत्तर यांनी त्याचे तेज जाते. म्हणून अलंकार सर्वांत शेवटी घालावा, सर्वांत आधी काढावा व मऊ कापडाने पुसून ठेवावा. खरा मोती दाताच्या कडेवर हलकेच फिरविला असता किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत लागतो.

पालकांस एक विनंती आहे. पुष्कळ घरांत आजीच्या नथीचे अथवा आईच्या सराचे सुटे मोती पुरचुंडीत पडून असतात. दोरा कुजला म्हणून दागिना निकामी झाला, असे समजून ते कवडीमोलाने देऊन टाकू नयेत. वस्तुतः कुजतो तो दोरा. मोती तसाच राहतो. मात्र त्या मोत्यांवर हात शिकू नये. हरवलेल्या एका मोत्यास रंगाने, आकाराने व तेजाने जुळणारा दुसरा मिळणे कठीण असते. आधी काचेचे तीन-चार सर ओवून गाठ हुकमी बसू लागली, म्हणजेच ती पुरचुंडी सोडावी आणि सोडण्यापूर्वी मोती मोजून क्रमाने मांडावे.

हे काम केवळ मुलींचे, असेही कोणी मानू नये. दागिने ओवून देणारे पटवेकरी पुरुषही असत. ज्याची नजर स्थिर व बोटे सावध, त्याची ही विद्या. अल्प किमतीचा दोरा मोलाचे मोती सांभाळतो; तो निवडणारा व त्यास गाठ देणारा हात आपल्याच घरी तयार व्हावा, हीच आमची इच्छा.