वाचत्या मुलाची कैफियत

न्यू जर्सीत नव्याने बिऱ्हाड थाटून पाच वर्षांचे मूल तेथील किंडरगार्टनमध्ये घालणाऱ्या कुटुंबांकडून आम्हां जुन्या रहिवाशांना एकच प्रश्न वारंवार ऐकावा लागतो : जे मूल घरी गोष्टीचे पुस्तक एका बैठकीत संपविते, त्याला शाळेत महिनोन्‌महिने अक्षरओळखीच्या पत्त्यांपुढे बसविले जात असेल, तर आईबापांनी कोणाकडे व कोणत्या शब्दांत दाद मागावी? एडिसन, प्लेन्सबरो आणि आसपासच्या गावांत ज्यांची मुले याच शाळांतून मोठी झाली, अशा काही घरांचा अनुभव येथे एकत्र केला आहे.

पहिल्याच भेटीत “मुलगी हुशार आहे, तिला वरच्या वर्गात घाला” अशी मागणी एका गृहस्थांनी केली, आणि तिला सौम्य पण स्पष्ट नकार मिळाला. कारण हुशारीचा दाखला घरच्यांनी द्यावा व शाळेने तो शिरसावंद्य मानावा, अशी वहिवाट तेथे नाही. पुढे त्या मुलीच्या आईने तीन आठवडे एक वही ठेवली, तीत मुलीने आपण होऊन वाचलेली पुस्तके, अडलेले शब्द आणि वाचून झाल्यावर तिने विचारलेले प्रश्न तारीखवार टिपले, आणि ती वही शिक्षिकेपुढे ठेवून एवढेच विचारले की, वाचनाच्या तासाला हिच्या हाती दुसरे पुस्तक देता येईल काय. पुस्तक मिळाले.

आपल्याकडे वाचनाची पारख वेगावरून व उच्चारांवरून होते. तेथील शिक्षिका पुस्तक मिटवून ‘तो मुलगा का रागावला?’ असे विचारते. अनेक शाळांत पुस्तकांची ए पासून झेडपर्यंत प्रतवारी असते, आणि अस्खलित वाचणारे मूलही गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगू शकले नाही, तर खालच्याच पायरीवर राहते. यात अन्याय नाही. म्हणून तक्रार करण्यापूर्वी मुलाला वाचलेल्या गोष्टीवर बोलते करावे, आणि ते खुशाल मराठीत करावे. नावनोंदणीच्या वेळी घरच्या भाषेविषयीचा जो तक्ता भरावा लागतो, त्यात मूल इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात जाईल या धास्तीने काही पालक मराठीचे नावच गाळतात. तसे करू नये. फार तर इंग्रजीची चाचणी होईल, आणि वाचत्या मुलाने ती चांगली दिली तर तो निकालच आपल्या बाजूचा पुरावा ठरेल.

आता कायद्याविषयी. बुद्धिमान मुलांसाठी वेगळी तजवीज करण्याची सक्ती केंद्र सरकारने राज्यांवर केलेली नाही, त्यामुळे राज्य बदलले की नियम बदलतात. इलिनॉयमध्ये एखाद्या विषयापुरते अथवा संपूर्ण इयत्तेने पुढे घालण्याविषयीचा कायदा १ जुलै २०१८ पासून अमलात आहे. न्यू जर्सीत जानेवारी २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्यान्वये किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत अशा मुलांचा शोध घेणे हे शाळा-जिल्ह्याचे कर्तव्य आहे, आणि ते पार पडत नाही असे वाटल्यास पालकास शिक्षण मंडळाकडे तक्रार गुदरता येते, मंडळाच्या लेखी निर्णयावर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे अपीलही करता येते. शिवाय १९७४ च्या केंद्रीय कायद्याने मुलाचे शालेय दप्तर पाहण्याचा पालकांचा हक्क मान्य केला असून, मागणी केल्यापासून ४५ दिवसांच्या आत शाळेने ते दाखविलेच पाहिजे. तथापि आयुक्तांपर्यंत जाण्याचा प्रसंग क्वचितच यावा. वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक, मग जिल्ह्याचा या कामासाठी नेमलेला अधिकारी, हा क्रम मात्र मोडू नये, कारण ज्या बाईंना वगळून आपण वर गेलो, त्यांच्याच हाती मूल दिवसभर असते.

दरम्यान मुलाला उपाशी ठेवू नये. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड रहिवाशास विनामूल्य मिळते, आणि तेथील बालविभागाच्या ग्रंथपाल मुलाशी दहा मिनिटे बोलून जी पुस्तके काढून देतात, तितकी नेमकी निवड आम्हां कोणाच्याच घरी झालेली नाही.

शिक्षिकेची भेट झाली की त्याच रात्री, जे ठरले त्याचे टिपण आभारासह त्यांना पाठवा, आणि सहा आठवड्यांनंतरच्या भेटीची तारीख त्याच पत्रात मागून घ्या.