कोळ्याची चीर आणि माणसाचा स्पर्श

भिंतीला चीर पडली की आपण गवंड्याला बोलावतो. चीर म्हणजे दोष, असेच आपण धरून चालतो. जाळे विणणाऱ्या कोळ्याविषयी वाचताना मात्र माझा हा समज पार बदलला.

कोळ्याच्या अंगावर कठीण कवच असते. त्या कवचात, विशेषतः पायांच्या सांध्यांजवळ, अतिसूक्ष्म समांतर चिरा असतात. जाळे थरथरले की कवचावर ताण येतो, चिरांचा आकार किंचित बदलतो आणि आतल्या मज्जातंतूंना त्याची वर्दी पोहोचते. चीर हेच येथे ज्ञानेंद्रिय आहे.

सोल राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली हेच तत्त्व उचलले. लवचीक प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर त्यांनी प्लॅटिनमचा २० नॅनोमीटर जाडीचा थर दिला व पापुद्रा वाकवून त्या थराला मुद्दाम चिरा पाडल्या. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) पापुद्रा ताणला की चिरांच्या कडा दुरावतात व विजेची वाट अडते, सोडला की कडा पुन्हा जुळतात. वाट किती अडली यावरून ताण मोजता येतो. शेकडा दोन इतका अल्प ताणही त्यास पुरतो. मनगटावर चिकटवलेल्या अशा पापुद्र्याने नाडीचे ठोके टिपले. उद्या यंत्रमानवाच्या बोटांना किंवा कृत्रिम हाताला अशीच त्वचा देता येईल.

पण मोजणे म्हणजे जाणवणे काय? येथे मला डॉ. पॉल ब्रँड आठवतात. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडतात, हा समज त्यांनी वेल्लोर येथील कार्यातून खोडून काढला. बधिर हाताला चटका वा जखम कळत नाही, आणि त्या दुखापतींमुळेच बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत कारव्हिल येथे त्यांनी दाब मोजणारे हातमोजे करून पाहिले. दाब वाढला की इशारा होई. पण रुग्ण त्याकडे दुर्लक्ष करीत. विजेचा झटका देऊन पाहिला, तर काही जण यंत्रच बंद करून हातातले काम पुरे करीत! धोका अचूक मोजला गेला होता, परंतु ती वेदना त्यांना आपली वाटत नव्हती.

आजचे संवेदक त्या हातमोज्यांहून कितीतरी नाजूक आहेत. तरीही माझ्या मते निम्मेच काम झाले आहे. मोजलेला दाब ज्या दिवशी बधिर हाताच्या धन्याला 'माझा हात दुखतो' असे म्हणायला लावील, त्या दिवशी कोळ्याकडून घेतलेला हा धडा पुरा होईल.