ग्राहकांची वही संगणकात, पण फट कुठे आहे?

चेंबूर स्टेशनजवळच्या एका शिलाईच्या दुकानात आम्ही बसलो होतो. दुकानदारांनी गिऱ्हाइकांची नावे, मोबाईल, मापे आणि उधारी संगणकात ठेवली आहे. कोणी डिसोझा आले की गल्ल्यावरचा मुलगा इंग्रजीत नाव लिहिताना 'डी' नंतरची वरची खूण गाळतो. खूण टाकली की पडद्यावर लांबलचक इंग्रजी मजकूर येतो आणि काम अडते, असे तो म्हणाला. दुकानदार हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही.

ग्राहकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या अशा सॉफ्टवेअरला सीआरएम म्हणतात. माहिती डेटाबेसमध्ये असते व त्याला हुकूम एसक्यूएल नावाच्या भाषेत द्यावा लागतो. समजा, मास्टरने कारागिरासाठी चिठ्ठी छापून ठेवली आहे: 'अमुक गिऱ्हाइकाचे माप काढ.' 'अमुक'ची जागा कोरी, तिथे नाव गिऱ्हाइकाने लिहायचे. भला माणूस आपले नाव लिहील. एखादा लबाड लिहील, 'माझे किंवा कोणत्याही'. कारागीर चिठ्ठी जशीच्या तशी वाचतो आणि सगळ्या वह्या आणून समोर ठेवतो!

एसक्यूएलमध्ये नाव कुठे सुरू झाले व कुठे संपले हे दाखवायला डिसोझा नावातलीच ती खूण वापरतात. ती मध्येच आली की संगणकाला वाटते नाव संपले. पुढचे 'सोझा' तो हुकूम म्हणून वाचू पाहतो आणि अडखळतो. चोर 'सोझा'च्या जागी खरा हुकूम लिहितो. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ साली 'फ्रॅक' या मासिकात या युक्तीचे वर्णन छापून आले, म्हणजे ती नवी नाही.

तरीही मोठमोठे फसतात. ब्रिटनच्या टॉकटॉक या टेलिफोन कंपनीवर ऑक्टोबर २०१५ मध्ये याच मार्गाने हल्ला झाला. १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली, त्यांपैकी १५,६५६ जणांचे बँक खाते क्रमांकही होते. फट होती ती दुसरी कंपनी विकत घेताना सोबत आलेल्या जुन्या वेबपानांत. डेटाबेसची दुरुस्ती साडेतीन वर्षांपासून उपलब्ध होती, पण कोणी बसवली नाही. २०१६ साली ४ लाख पौंड दंड झाला. स्वीटसीआरएम या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर २०२४ साली अशी फट सापडली की पासवर्डशिवायही आत हुकूम पोचवता येत होता. ७.१४.४ आणि ८.६.१ या आवृत्त्यांत ती बुजवली आहे. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी आजच बदलावी.

आपल्या छोट्या दुकानात चोर काय नेणार, असे कोणी म्हणेल. सणाच्या तोंडावर गिऱ्हाइकाला फोन येतो, 'तुमची शेरवानी तयार आहे, बाकी अमुक रुपये या नंबरवर पाठवा.' नाव बरोबर, रक्कमही बरोबर. पैसे गेल्यावर ते गिऱ्हाईक कोणाच्या दारात उभे राहील?

उपाय महाग नाही, पण तो प्रोग्रॅमरने करायचा आहे. चिठ्ठी आणि नाव वेगवेगळे पाठवायचे. नाव बंद पाकिटात, म्हणजे आत काहीही लिहिले तरी ते नावच मानले जाते. प्रोग्रॅमरला विचारा, 'सगळीकडे पॅरामीटर वापरले आहेत का?' तो म्हणाला 'खुणा गाळून टाकतो', तर समाधान मानू नका. ती डागडुजी झाली. सॉफ्टवेअर ज्या खात्याने डेटाबेस उघडते, त्याला अख्खे टेबल पुसण्याची मुभा कशाला हवी, हेही विचारा. पडद्यावरचा तो लांबलचक मजकूर बंद करायला सांगा, कारण त्यातून चोराला टेबलांची नावे आयती मिळतात.

एक इशारा. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर हे करून पाहू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्या दुकानदारांनी आमच्यासमोरच प्रोग्रॅमरला फोन लावला. तो म्हणाला, 'डिसोझांची नावे खुणेशिवाय टाका ना, काय बिघडते?' दुकानदार आता दुसरा प्रोग्रॅमर शोधत आहेत. तोवर सगळ्या नोंदींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून त्यांनी घरच्या कपाटात ठेवली आहे.