गटारीच्या रात्रीची धडधड

मी रोज पिणारा नाही. महिना-दोन महिन्यांत मित्र जमले की दोन पेग, एवढंच. दारू बाधते ती रोज पिणाऱ्यांना, अशी माझी पक्की समजूत होती. तीन वर्षांपूर्वीच्या गटारीने ती मोडली.

आम्ही सहा मित्र बदलापूरजवळच्या एका फार्महाऊसवर जमलो होतो. आता श्रावणभर बंद, म्हणून त्या रात्री कुणी मोजलं नाही. माझे पाच-सहा पेग झाले असतील. पहाटे तीनला छातीतल्या धडधडीने जाग आली. ठोके जलद होतेच, पण त्यांना तालही नव्हता. दोन घाईघाईने, मग एक चुकलेला, पुन्हा तीन एकदम. मित्र म्हणाला, "अरे, पित्त असेल. पाणी पी आणि झोप." मी आठ वाजेपर्यंत तसाच पडून राहिलो. ही माझी पहिली चूक.

दवाखान्यात ईसीजी काढला तेव्हा ठोके मिनिटाला १४६ होते. "काल किती घेतली होती?" डॉक्टरांनी विचारलं. बायको शेजारी उभी होती. "दोनच," मी म्हणालो. ही दुसरी चूक. ती औषधं आणायला गेल्यावर मी खरं सांगितलं. औषधांनी संध्याकाळपर्यंत ताल जागेवर आला.

माझ्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत होते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. असं होत राहिलं तर तिथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. सुट्टी-सणाला भरपूर पिऊन असे रुग्ण येतात, हे पाहून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये याला 'हॉलिडे हार्ट' असं नाव दिलं. २०१५ मध्ये म्युनिकच्या बिअर महोत्सवात तीन हजारांहून अधिक लोकांचे ईसीजी काढले, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश लोकांचे ठोके शंभराच्या वर होते. दारूने रक्तवाहिन्या सैलावतात, लघवीवाटे पाणी जातं, शरीर उत्तेजित होतं. त्याची भरपाई हृदय जास्त पळून करतं. म्हणूनच झोपेतही त्याला विसावा मिळत नाही.

आता माझं ऐका. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला शिका. शांत बसलेल्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. प्यायल्यावर ती बेताल झाली किंवा वेग उतरेना, तर पित्त म्हणून सोडून देऊ नका, ईसीजी काढा. छातीत दुखलं, दम लागला, भोवळ आली, तोंड वाकडं झालं किंवा हातातलं बळ गेलं, तर लगेच १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. दारूत एनर्जी ड्रिंक मिसळू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये. त्यानेही ठोके वाढतात, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

मी त्या दिवसापासून थेंबही घेतलेला नाही. गटारीला आजही मित्रांत जातो, मटण खातो आणि रात्री निवांत झोपतो. तुमच्यापैकी कुणाला पहाटे अशी धडधड झाली, तर उजाडायची वाट पाहू नका. आणि डॉक्टरांनी विचारलं, तर पेग मोजून खरे सांगा.